मुहूर्ताला मशीन बंद

हेड ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे 'न्हाई सर' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं. व्हिजिटिंग कार्डावर त्यांचं पद चार ओळींत कसंबसं मावलेलं होतं: वरिष्ठ अमुक, व्यवसाय विकास तमुक, आणि सगळ्यांत खाली धोरणात्मक एआय भागीदारी. सेलूजवळच्या त्यांच्या गावात मावशीनं एकदा विचारलं, "आरं, पर तू करतोस काय?" तर म्हणाले, "सोयरिका जुळवतो, मावशी. बंगळूरची एक कंपनी मशीनचा मेंदू करती, पुण्याची आमची कंपनी त्याला डोळे लावती, आन् इकडं जिनिंगवाल्याकडं कापूस हाय. तिघांचं जमवून द्यायचं." मावशीला पटलं. मलाही त्यांच्या कामाचा याहून बरा खुलासा पुढे कुणी केला नाही.

मी त्यांच्या हाताखाली परभणीच्या ऑफिसात होते. ऑफिस म्हणजे वसमत रोडला खतांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिना चढतानाच फवारणीच्या औषधांचा वास नाकात जायचा. आमचं मशीन म्हणजे कॅमेरा बसवलेली एक पेटी. तिच्याखाली कापूस ठेवला की ती क्षणात ग्रेड सांगायची: अव्वल, मध्यम नाहीतर हलका. शेतकऱ्याला आपला माल कसा आहे ते बाजारात गाडी लावल्या लावल्या कळावं, ग्रेडरच्या मर्जीकडे बघत बसायला लागू नये, एवढाच हेतू. हेतू चांगला होता. पेटीचं मात्र पुढे बघू.

सर सगळ्यांना 'भागीदार' म्हणायचे. चहावाला भागीदार, रिक्षावाला भागीदार, बंगळूरचे उपाध्यक्षही भागीदारच. ते रागावले की मी 'मॅडम' व्हायचे, त्यामुळे भागीदार म्हटलं की मला हायसं वाटायचं. कंपनीनं त्यांना गाडी दिली होती, पण सेलूला जायचं तर ते पॅसेंजरनंच जायचे. डब्यात समोर बसलेल्या अनोळखी माणसाला पेटी दाखवून विचारायचे, "हे मशीन तुमच्या कापसाला नाव ठेवणार हाय. चालंल का?" लोक जे बोलायचे ते ऐकून ते खूश व्हायचे. ऑफिसात असं कुणी खरं बोलत नाही म्हणायचे.

नव्या पार्टीकडे गेलं की सर आधी गेटवर थबकायचे. वॉचमनला बसायला खुर्ची आहे की तो दगडावर बसलाय, हे बघायचे. दगड दिसला की त्या दिवशी चहा पिऊन परत. करार पुढे होणार की नाही हे त्यांच्या मनात तिथंच निम्मं ठरलेलं असायचं. मला हे तेव्हा निव्वळ लहरीपणाचं वाटे, कारण एकदा अशा दगडापायी आम्ही चाळीस किलोमीटर उन्हातून रिकामे परत आलो होतो.

आणि त्यांची ती वही. लाल कापडी बांधणीची, लांबट, आडतीच्या दुकानात असते तशी. तिच्यावर मोठ्या अक्षरात 'न्हाई' लिहिलेलं. मशीनला काय काय जमत नाही ते सर त्यात लिहून ठेवायचे आणि प्रत्येक करारापूर्वी समोरच्या पार्टीला मोठ्यानं वाचून दाखवायचे. बंगळूरचे उपाध्यक्ष पहिल्या ऑनलाइन मीटिंगला वीस स्लाइड घेऊन आले होते. सर बशीत चहा ओतून फुर्रफुर्र पीत सगळं शांतपणे बघत बसले. स्लाइड संपल्या तशी त्यांनी बशी बाजूला ठेवली, वही उघडली आणि म्हणाले, "थँक यू. नाऊ आय विल टेल न्हाई." मग पाऊण तास एकेक न्हाई. दव पडलेला कापूस आन् पाणी मारलेला कापूस हिला एकच वाटतो. पिवळ्या दिव्याखाली हिला सगळाच कापूस पिवळा दिसतो. ट्रॉलीच्या तळाला काय दाबलंय ते हिला दिसत न्हाई. उपाध्यक्षांनी मला वेगळा मेसेज पाठवला, 'हे नक्की आपल्याच बाजूचे आहेत ना?' मलाच तेव्हा खात्री नव्हती.

सरांना हे सांगितलं तर हसले. म्हणाले, "होय म्हणायला सगळं जग बसलंय भागीदार. माझा पगार न्हाई सांगायचा हाय. सोयरिकीत पोरीचा डोळा अधू हाय हे लग्नानंतर कळलं तर कुणाला शिव्या बसतात? मध्यस्थाला."

माझी मुलाखतही त्यांनी अशीच घेतली होती. एकच प्रश्न: "तुमाला काय येत न्हाई?" मी पुण्यात शिकून तयारीनं आलेली, पाठ केलेलं ऐटीत म्हटलं, "सर, मला खोटं बोलता येत नाही." ते म्हणाले, "हे पहिलं खोटं. पुढं?" मग मात्र मी घाबरून खरं सांगितलं, की मला फोनवर इंग्रजीत बोलताना घाम फुटतो. "बसा," म्हणाले, "चहा घ्या." नोकरी लागली. त्याआधी वर्षभर मी मानवतला घरी बसून होते. वडिलांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पेन घेता घेता विचारायचं, "काय करायलीस सध्या?" त्या प्रश्नाचा मला इतका धसका बसला होता की मी दुकानात जायचंच सोडलं होतं. त्यामुळे ही नोकरी माझ्यासाठी काय होती हे वेगळं सांगायला नको. एक वर्ष प्रोबेशन, मग कायम. आणि कायम होण्याचं सगळं गणित सेलूच्या करारावर अडलेलं.

सेलूच्या एका मोठ्या जिनिंगच्या शेठनी पेटी घ्यायची तयारी दाखवली होती. पण आधी पेटीला शिकवायला हवं होतं. म्हणजे कापसाचे ढीगभर फोटो काढायचे आणि प्रत्येक फोटोला जाणत्या माणसानं सांगितलेला ग्रेड लावायचा. जाणता माणूस म्हणजे शेठकडचे ग्रेडर चाचा. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि बोटं अशी की चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी डोळे मिटून सांगत. मी टॅबलेट घेऊन त्यांच्या मागे फिरायचं, फोटो काढायचा, ते बोलतील तो ग्रेड दाबायचा. पहिले चार दिवस गाड्या तुरळक. मग दसऱ्याच्या मागेपुढे कापूस खरेदीचा मुहूर्त आला आणि यार्डात पिकअप, ट्रॅक्टर, बैलगाड्या यांची रांग थेट रस्त्यापर्यंत गेली. नारळ फुटला, पहिल्या गाडीच्या मालकाला टोपी-उपरणं झालं, पेढे वाटले. चाचा गाडीमागून गाडी बघत गेले. "अव्वल." "अव्वल, बेटा." "हां, ये भी अव्वल." मी बटण दाबत गेले. दिवस मावळेपर्यंत तीनशेच्या वर गाड्या झाल्या. पंधरा दिवसांचं काम एका दिवसात उरकलं म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश होऊन ती फाइल बंगळूरला पाठवून दिली. तिकडून मेसेजवर अंगठा आला.

करार ठरला त्याच्या पाच दिवस आधी मी पेटी घरी आणली. सहज गंमत म्हणून. आमच्याकडे आईच्या लग्नातली एक गादी आहे, गाठी झालेली, कोपऱ्यातून कापूस बाहेर आलेला. मी त्यातला बोटभर ओढून पेटीखाली ठेवला. पेटी म्हणाली, अव्वल. मी अजून ओढला. अव्वल. शेजारच्यांच्या पोत्यातला, किडीनं डागाळलेला, कुणी हातात धरणार नाही असा कवडी कापूस आणला. तोही अव्वल.

"गादी का फाडायलीस गं?" आईनं विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, मुहूर्ताचा दिवस, चाचा, तीनशे गाड्या. ती भांडी विसळता विसळता थांबली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू ही आपली मुलगीच नाही. "अगं, मुहूर्ताच्या कापसाला कोण नाव ठेवतंय? त्या दिवशी शेवटच्या वेचणीचा फरदड आणला तरी अव्वलच म्हणत्यात. तुला इतकंबी ठावं न्हाई? मानवतचीच ना तू?"

मानवतचीच. कापसाच्या पेठेत जन्मले, वाढले, आणि मुहूर्ताच्या गोडव्याला मी ग्रेड समजून मशीनच्या डोक्यात भरून बसले. आता ती पेटी यार्डात लागली असती तर वर्षभर निगुतीनं वेचलेला, कचरा काढून आणलेला कापूस आणि गादीतला कापूस तिच्या लेखी सारखाच. ज्याचा माल खरंच अव्वल त्याच्या मेहनतीची माती झाली असती.

दुसऱ्या दिवशी पेटी ऑफिसात नेऊन ठेवली, पण हे कुणाला सांगितलं नाही. पाच दिवस. रोज ऑफिसात जायचे, सरांसमोर बसायचे आणि उद्या सांगू म्हणून परत यायचे. सांगितलं की करार गेला, करार गेला की नोकरी गेली, आणि मग पुन्हा दुकानातली ती गिऱ्हाइकं. आई जेवायला वाढायची आणि मी ताट तसंच सरकवायचे. मला खोटं बोलता येत नाही म्हणणारी मीच ती.

कराराच्या दिवशी पेटी घ्यायला मी आधी परभणीला गेले आणि सरांबरोबर सकाळच्या पॅसेंजरनं सेलूला निघाले. पेडगाव गेलं तशी सरांनी वही काढली. त्यांचा नियम होता, करारापूर्वी टीममधल्या प्रत्येकानं स्वतःचा एक तरी न्हाई द्यायचा. "भागीदार, तुमचा न्हाई?"

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "सर, गादीचा कापूस पेटीला अव्वल वाटतो." आणि मग मला थांबताच येईना. मुहूर्त, चाचा, आई, कवडी, पाच दिवस, सगळं एका दमात. शेवटी रडूही आलं, त्याची आजही लाज वाटते, कारण समोरच्या बाकावरची बाई हातातली शेंग सोलायची थांबून माझ्याकडे बघत होती.

सरांनी वही मिटून मांडीवर ठेवली. मानवत रोड आलं, गेलं. माझी नोकरी मानवत रोडलाच उतरून गेली असं मला वाटलं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "गादी किती जुनी?"

"आईच्या लग्नातली, सर."

"हं." आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

शेठच्या आवारात मंडप होता, खुर्च्यांना पांढरी कव्हरं, टेबलावर करार आणि दोन पेनं. बंगळूरचे उपाध्यक्ष आदल्या दिवशीच विमानानं हैदराबाद आणि पुढे गाडीनं येऊन थांबले होते. सर वॉचमनला नमस्कार करून (त्याला खुर्ची होती, गादीसकट) आत गेले, बसले आणि त्यांनी वही उघडली. तेवीस न्हाई सगळ्यांना ठाऊक होते. शेठ नेहमीसारखे मान डोलवत होते.

"चोविसावा," सर म्हणाले. "या मशीनला मुहूर्त कळत न्हाई." जरा थांबले. "आन् आमालाबी कळला न्हाई. ह्यो दोष मशीनचा न्हाई, आमचा हाय. तीनशे गाड्या आमी मुहूर्ताच्या दिवशी शिकवल्या. तवा शेठ, आज सही न्हाई."

माझं नाव कुठेही नाही. मी खुर्चीच्या काठावर बसून जमिनीकडे बघत होते. उपाध्यक्ष माझ्याकडे वाकून विचारत होते, "मुहूर्त म्हणजे काय?" आणि मला त्याचं इंग्रजी सुचत नव्हतं.

शेठनी चाचांना बोलावलं. चाचा टोपी सावरत आले. "चाचा, मुहूर्ताला तुमी सगळ्याला अव्वल दिलं?"

"तो और क्या देता, शेठ?" चाचांचा चेहरा निरागस. "मुहूर्ताच्या दिवशी माणसाचं दिल मोडायचं का? माझ्या अब्बांनी शिकवलं, उस दिन जबान मीठी. दुसऱ्या दिवसापासून बघू."

शेठ आधी गालातल्या गालात, मग पोट धरून हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. उपाध्यक्ष सोडून सगळा मंडप हसत होता. सर हसत नव्हते. त्यांनी चाचांना विचारलं, "त्या दिवशी खरं काय वाटलं, ते ध्यानात हाय का?"

चाचांच्या डोळ्यांत जे काही चमकलं ते मी विसरणार नाही. "बेटा," ते मला म्हणाले, "फोटो काढ बाहेर."

पुढचे तीन दिवस मी आणि चाचा जिनिंगच्या ऑफिसात फोटो बघत बसलो. असा खूश झालेला माणूस मी पाहिलेला नाही. गेला महिनाभर जिभेवर अडकून राहिलेलं सगळं त्यांना एकदाचं बोलायला मिळत होतं. "ये? ये तो कवडी. मी मनात म्हटलं, ह्याला लाज कशी वाटली न्हाई आणायला." "हा मध्यम. पण माणूस भला हाय, चहा पाजतो." "हा बघ, हा खराच अव्वल. त्या दिवशी मी ह्यालाबी तोच शब्द दिला, जो त्या कवडीवाल्याला दिला. ते मला डाचत होतं, बेटा." हे शेवटचं त्यांनी हळू आवाजात म्हटलं. तिसऱ्या दिवशी काम संपलं तेव्हा ते चार वर्षांनी लहान दिसत होते. मीही त्यांच्यासोबत बाजरीची भाकरी आणि बेसन असं पोटभर जेवले, सात-आठ दिवसांत पहिल्यांदा.

या काळात हेड ऑफिसातून सरांना फोन यायचे. ते फोन टेबलावर ठेवून चहा प्यायचे आणि मधूनमधून "व्हय जी" म्हणायचे. मला वाटायचं, माझ्याबद्दल बोलणं चाललंय. पुढे एका मेलमध्ये मी योगायोगानं वाचलं, त्यांनी लिहिलं होतं, 'फाइल माझ्या संमतीनं गेली, तपासण्याची जबाबदारी माझी होती.' वाचून मी जिन्यात जाऊन उभी राहिले. त्या दिवशी औषधांचा वाससुद्धा बरा वाटला. माझ्यासाठी कुणी असं उभं राहिल्याचा अनुभव मला तोवर नव्हता. तोंडावर मात्र ते मला दोन आठवडे मॅडमच म्हणत होते. पाच दिवस गप्प बसल्याचा तो दंड.

करार झाला, महिन्याभरानं. त्याआधी शेठनी घरची गादी उसवून त्यातला कापूस स्वतः पेटीखाली ठेवला. पेटी म्हणाली, हलका. टाळ्या पडल्या. सरांनी करारात एक कलम घातलं: मुहूर्ताच्या दिवशी मशीन बंद. बंगळूरच्या वकिलांनी यावर मेलांचा रतीब लावला. मुहूर्ताची नेमकी तारीख कोणती? दरवर्षी बदलते म्हणजे काय? व्याख्या द्या. शेवटी सरांनी सांगितलं तशी मी व्याख्या लिहिली: 'ज्या दिवशी यार्डात खरेदीचा नारळ फुटतो, तो दिवस.' ती इंग्रजीतून छापून आली तेव्हा सरांनी पान वर धरून मला दाखवलं आणि म्हणाले, "बघा भागीदार." मी पुन्हा भागीदार झाले होते. त्याच महिन्यात कायमही झाले. आता दुकानात कुणी विचारलं तर वडीलच माझ्याआधी उत्तर द्यायचे.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. गावी असतात. वही सोबत घेऊन गेले, मागितली तर म्हणाले, "माझे न्हाई तुमाला काय कामाचे?" आता कार्डावरच्या त्या चार ओळी माझ्या नावाखाली आहेत. मी वडिलांच्या दुकानातून नवी लाल वही घेतली.

माझा पहिला करार जिंतूरच्या शेतकऱ्यांच्या एका कंपनीशी झाला. सर एसटीनं आले आणि शेवटच्या रांगेत बसले. मी माझे न्हाई वाचले, सह्या झाल्या, फोटो झाले. मग सरांनी करार मागून घेतला, चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश वाचला, मिटला आणि म्हणाले, "अव्वल, भागीदार. एकदम अव्वल."

मला खूप आनंद झाला. ते निघून एसटी स्टँडकडे वळले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी मागे धावले. "सर, आज माझा मुहूर्त आहे."

"गाडी सुटंल," ते म्हणाले आणि चालायला लागले.

घरी येऊनही मला स्वस्थता नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. "कागद हाय का? लिहा. पहिलं, त्यांच्या वॉचमनला खुर्ची न्हाई, तुमी गेटवर बघितलंच न्हाई. दुसरं, तिसऱ्या पानावर मशीन बिघडलं तर किती दिवसांत दुरुस्त, ते लिहिलेलं न्हाई. तिसरं, तुमी न्हाई लय भरभर वाचायलाव, समोरच्याला घाबरून." पस्तीस मिनिटं ते बोलत होते आणि मी लाल वहीत लिहीत होते. आईनं आणलेला चहा गार झाला. चौदाव्या मुद्द्यावर ते थांबले.

"मग सर," मी विचारलं, "ग्रेड कुठला?"

फोनवर त्यांच्या मागे कुठेतरी म्हैस रेकली.

"मध्यम," ते म्हणाले.

मी त्या जुन्या गादीवर मागे टेकले आणि कालपासून अडकलेला श्वास सोडला. आई दारात उभी होती. "काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"मध्यम म्हणाले."

"मग जमलं की," आई म्हणाली आणि गार चहा गरम करायला घेऊन गेली.